मशीनवरची झोप

माझी सुरी पितरांच्या पाट्यांखालच्या खणात होती, खणाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या मुलाच्या खिशात. त्सुंग-येनने जागा डोकं लढवून निवडली होती. घरात दुसरीकडे कुठेही ठेवली असती तर मी दुसऱ्याच दिवशी कुलूप उचकटून काढली असती. पण त्या खणावर माझ्या नवऱ्याच्या नावाची पाटी आहे, तिथे मी रोज उदबत्ती लावते, आणि त्याच्या देखत चोरी करायला माझा हात धजावणार नाही हे पोराला पक्कं ठाऊक. पोटचं पोर असं वागलं तर शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

सुऱ्या काय, बाजारात ढिगाने मिळतात, असं म्हणणारा माणूस आमच्या तायनान शहरातला नव्हे. आमची सकाळ उजाडते साबाही माशाच्या पेजेने, आणि या माशात दोनशेबावीस काटे असतात. कणा आणि फासळ्या कुणीही काढील. खरे हरामखोर ते पाठीच्या मांसात दडलेले, दोन तोंडांचे, केसाएवढे बारीक. मासा न फाटता ते उपसायचे, म्हणजे वाटीतला तुकडा लहान मूलसुद्धा डोळे मिटून खाईल. देवळामागच्या आमच्या दुकानात हे काम एकतीस वर्षं मी केलं. पेज आधी नवरा ढवळायचा, तो गेल्यावर मुलगा ढवळायला लागला, सून वाट्या विसळायची. पण सुरी माझी. आ-खिमच्या पेजेत काटा लागत नाही, असं लोक म्हणायचे. आयुष्यात मी तेवढंच कमावलं.

मग तीन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसात ते साडेअकरा डायलिसिस. डाव्या हाताची एक शीर ऑपरेशन करून जाड केली आहे, तिला फिस्टुला म्हणतात. तिच्यात दोन सुया टोचतात, रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. दुकानात पहाटे साडेतीनला मासे यायचे, पावणेसातपर्यंत मी ते साफ करायची आणि हात धुऊन मशीनवर जायची. गेली ती झोप. आधी पाय वळवळायचे, अंगाला खाज सुटायची, घसा कोरडा पडायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषधं बदलली, पाय थांबले, खाज कमी झाली. झोप मात्र रुसली ती रुसलीच. मग झोपेची अर्धी गोळी आली, अर्धीची एक झाली, एकीच्या दोन.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे गोळीची गुंगी उतरली नव्हती. मी उभ्या-उभ्या पेंगले, मासा सटकला आणि सुरी माझ्या डाव्या हातात घुसली. फिस्टुलापासून एक बोट लांब. एक बोट अलीकडे लागली असती तर त्या शिरेतून रक्ताचा पाट वाहिला असता आणि रुग्णवाहिका यायच्या आत मी नवऱ्याशेजारी पाटी होऊन बसले असते. त्सुंग-येनने टॉवेलने हात दाबून धरला होता. एवढा बत्तीस वर्षांचा बाप्या, पण रक्त थांबलं तरी टॉवेल सोडेना. संध्याकाळी त्याने सुरी कुलपात घातली. म्हणाला, गोळी सुटल्याशिवाय मिळणार नाही. गोळी सुटली की पुढे चौदा दिवस, गोळी नाही आणि दिवसा डुलकी नाही. त्यात एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी सुरी थुईच्या हातात गेली. थुई माझी सून, मेकाँगकाठची, व्हिएतनामहून लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली. कष्टाळू आहे, उलट बोलत नाही, आणि तेच मला खुपायचं. भांडली असती तर मनातलं एकदा बोलून तरी टाकता आलं असतं.

सुरी नाही म्हटल्यावर पहाटे उठायचं कशाला? मी रात्री आठलाच अंथरुणावर पडायला लागले. सकाळी सातपर्यंत तिथेच. टीव्ही तिथेच, फोन तिथेच, पितरांसाठी जाळायचे सोनेरी कागद दुमडायचे तेही मांडी घालून पलंगावरच. अकरा तास गादी धरून बसायचं आणि त्यातले जेमतेम चार तास डोळा लागायचा. उरलेले सात तास कूस बदलत सुनेने आज किती मासे फाडले असतील याचा विचार करायचा.

शेवटी आमच्या किडनीच्या डॉक्टरांनीच मला तेंग मॅडमकडे पाठवलं. ही मानसशास्त्रातली बाई, वय पस्तिसेक, पोटात सातवा महिना, चालताना कमरेवर हात. डायलिसिसच्या पेशंटना औषधाशिवाय झोपायला शिकवते म्हणे, आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. मी सरळ विचारलं, बोलून झोप येते होय? असं असतं तर आमच्या शेजारणीच्या बडबडीने अख्खी गल्ली घोरत पडली असती. ती हसली नाही. तिने एक वही दिली. किती वाजता पडलात, किती वेळाने डोळा लागला, कितीदा जाग आली, किती वाजता उठलात, गोळी किती, सगळं रोज सकाळी अंदाजाने लिहायचं. रात्री घड्याळ बघायचं नाही.

आठवडाभराची वही वाचून तिने विचारलं, तुम्हाला उठायला किती वाजता आवडेल? आजपर्यंत एकाही डॉक्टरने मला हे विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, साडेतीन. मासे येतात तेव्हा.

"मग साडेतीनला उठायचं," ती म्हणाली. "रोज. डायलिसिस असो नसो. आणि साडेदहाच्या आत गादीला पाठ लावायची नाही."

"पाच तास?" मी म्हटलं. "आधीच झोप नाही, आणि उरलीसुरली तूही काढून घेतेस?"

"झोप नाही काढून घेत, मावशी. गादी काढून घेते. झोप वाढली की पंधरा-पंधरा मिनिटांनी तीही परत देईन."

गादी फक्त झोपेसाठी. टीव्ही बाहेर, कागद बाहेर. पडल्यावर डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसायचं, झापड आली तरच परत जायचं. दिवसा आडवं व्हायचं नाही. आणि गोळी डॉक्टर सांगतील तशी कमी करायची, अर्धी-पाव करत, एकदम नाही. मी म्हटलं, साडेतीनला उठून करू काय, सुरी तर कुलपात आहे. ती म्हणाली, उठून दुकानात जाऊन बसा.

मी मनात म्हटलं, बघतेच. हट्टाला पेटले की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि या वेळी हट्ट माझ्या बाजूने होता.

तर मी साडेतीनला उठून दुकानात स्टुलावर बसायला लागले. त्याहून मोठी शिक्षा नव्हती. समोर टेबल, टेबल भिंतीला चिकटवलेलं, एकाच माणसाला उभं राहता येईल असं. जागा माझी आणि तिथे थुईची पाठ. मागून दिसायचं, ती पाठीच्या मांसात सुरी चुकीच्या कोनातून घालते, काटा अर्ध्यात तुटतो, मग चिमट्याने उकरत बसते आणि माशाचा लगदा होतो. मी एक अक्षर बोलले नाही. खरं तेच सांगते, मुद्दाम बोलले नाही. शिकली असती तर माझी सुरी कायमची खणात राहिली असती. एकदा जुन्या गिऱ्हाइकाने, रंगाच्या दुकानवाल्या कांग म्हाताऱ्याने, जिभेवरचा काटा काढून वाटीच्या काठावर ठेवला आणि पेज तशीच टाकून उठून गेला. थुईने ती वाटी फार वेळ विसळली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पहिले तीन आठवडे मी सगळं इमानाने केलं. तरी वहीत घोडं काही पुढे सरकेना. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तर रात्री बारा-एकपर्यंत खुर्चीतच. मी तेंग मॅडमला फोन करून चांगलं झाडलं. म्हटलं, तुझं शास्त्र पुस्तकात ठेव, मला म्हातारीला पहाटे उठवून छळतेस आणि हाती भोपळा. ती शांतपणे म्हणाली, गुरुवारी मी वॉर्डमध्ये येते.

आता आमच्या वॉर्डची रीत सांगायला हवी. सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं की अर्ध्या तासाने फांग सिस्टर दिवे मंद करते आणि एकेकाच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढते. सोळा खुर्च्या, सोळा माणसं, सगळी गुडुप. झोपलेला पेशंट तो गुणी पेशंट. जागा राहणारा कुरकुरतो, पायात गोळे आले म्हणतो, दर दहा मिनिटांनी किती वेळ राहिला विचारतो. घरचेही सोडताना सांगतात, जा, छान झोप काढ, चार तास कळणार नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीत जुआंग मास्तर, शाळेत पी.टी. शिकवायचे, वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षांत त्यांनी मशीनवर एक सकाळ पाहिली नाही असं ते अभिमानाने सांगतात.

त्या गुरुवारी मला जाग आली ती कुणीतरी घोरतंय म्हणून. डोळे उघडले तर मीच घोरत होते, तोंड उघडं, हनुवटीवर लाळ, आणि समोर तेंग मॅडम कमरेवर हात ठेवून उभी.

"ही झोप वहीत कुठे आहे, मावशी?"

"ही? ही झोप नव्हे. हे मशीन."

फांग सिस्टर खुदकन हसली. मॅडम हसली नाही. तिने सिस्टरला विचारलं, ही रोज किती वेळ झोपते? सिस्टरने कौतुकाने सांगितलं, आमची खिम मावशी फार शहाणी, अडीच-तीन तास हू की चू नाही. मला अजून कळेना यात काय झालं. चार तास मी मशीनला देते, त्यात जे काय होतं ते मशीनचं. तसंच सगळे म्हणतात. वहीत मी माझी झोप लिहायची की मशीनची?

मग मॅडमने बोटावर हिशेब घातला, आठवड्याला आठ तास. माझे कान गरम झाले. आमच्या दुकानात एक बाई यायची, समोरच्याकडे पोटभर तळण हाणून यायची आणि आमची पेज घशाखाली उतरत नाही म्हणून नाक मुरडायची. मी तिला हाकलून दिली होती. आता ती बाई मीच निघाले. रात्री कशी लागणार भूक?

मी म्हटलं, मी खोटं लिहिलं नाही गं. ती म्हणाली, माहीत आहे, मीच विचारायला चुकले, दिवसाची झोप म्हणताना मी दुपार धरली आणि हा वॉर्ड धरलाच नाही. मोठी माणसं आपली चूक इतक्या सहज कबूल करत नाहीत, मला ती तिथे आवडली. पण पुढे तिने जे सांगितलं ते आवडलं नाही. मशीनवर जागं राहायचं. चारही तास.

शनिवारी प्रयत्न केला. टीव्ही लावला, पंधरा मिनिटांत डोळे मिटले. सिस्टरला चिमटे काढायला सांगितलं, तिला वेळ नव्हता. बर्फ चघळावा तर आम्हाला पाणी मोजून, त्यात बर्फही धरतात. दिवे मंद असायचे, मशीनची एकसुरी घरघर, त्यात अंग गार पडतं. तिथे जागं राहणं म्हणजे काय ते करून बघावं लागतं. मंगळवारी मी जुआंग मास्तरांना धरलं. म्हटलं, मास्तर, आयुष्यभर पोरांना शिट्ट्या मारून उठवलंत, आता मला जागं ठेवा. ते चिडले, माझी झोप का मोडतेस म्हणाले, पण डोळ्यांत मजा होती. म्हणाले, "सत्तर वर्षं साबाही खातोय, काटे कुठे असतात ते अजून माहीत नाही. ते शिकव. कंटाळा आला तर मी झोपणार."

डावा हात सुयांमुळे हलवता येत नाही, उजवा मोकळा. मी सिस्टरकडून एक टॉवेल मागितला, गुंडाळी करून पांघरुणावर ठेवला, तो मासा. जेवणाच्या डब्यातला चमचा, ती सुरी. मास्तरांनीही तसंच केलं. इथे डोकं, इथे कणा, इथून बोट फिरवा, टोचतं का? नाही टोचत? मग तुम्ही शेपटीकडे आलात, मागे या. मास्तर ठोंब्या. तीनदा सांगितलं तरी चमचा सरळ धरायचे. मी ओरडले, आडवा धरा, मासा मेलाय, पुन्हा मारू नका. वॉर्डमधली चार माणसं जागी झाली आणि माझ्यावर खेकसली. पण साडेअकरा वाजले तेव्हा माझे डोळे टक्क उघडे होते. त्या रात्री साडेदहाला पडले आणि पडल्या-पडल्या डोळा लागला. वहीत मी ते दोनदा लिहिलं.

दिवे मंद करायच्या आधी सिस्टर मला विचारायला लागली. आमच्या दोघांच्या खुर्च्यांवरचा दिवा चालू राहायचा. दोन आठवड्यांत डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली, मग पाववर.

एका गुरुवारी थुई मला न्यायला लवकर आली. एरवी खाली स्कूटरपाशी थांबते. मी टॉवेलवर मास्तरांना ते दोन तोंडांचे काटे समजावत होते, सुरी कुठल्या कोनात घालायची, बोटाने कसं चाचपायचं. तोंड वर केलं तर थुई पायथ्याशी उभी, हेल्मेट हातात. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई," ती म्हणाली, "मास्तर तर मासे कापत नाहीत."

बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. मास्तरांनी पांघरूण नाकापर्यंत ओढून झोपेचं सोंग घेतलं. मला वाटलं कुणीतरी सणसणीत थोबाडीत दिली. दीड महिना ही पोर माझ्यासमोर मासे फाडत होती, गिऱ्हाइकं उठून जात होती, रोज तिच्या बोटांना नवी पट्टी दिसायची आणि मी स्टुलावर मूग गिळून बसले होते. वर एका म्हाताऱ्याला टॉवेल कापायला शिकवत होते.

मी म्हटलं, "शनिवारी लवकर ये. दुकान आवरून, साडेनऊला. टॉवेल घेऊन ये."

शनिवारी ती माझ्या पायथ्याशी स्टूल ओढून समोरासमोर बसली आणि चमचा हातात घेतला. डाव्या हातात. सहा वर्षं माझ्या घरात वावरते आहे, डावखुरी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, जेवताना दिसायचंच. पण सुरीशी ते कधी जोडलंच नाही. दुकानात ती माझ्या मागे उभी राहून बघत शिकलेली, उजव्या हाताचं काम डाव्या हाताने उतरवलेलं, म्हणून कोन उलटा. इथे समोर बसल्यावर माझा उजवा आणि तिचा डावा एकाच बाजूला आले. मी चमचा वळवला, तिने वळवला. आरशात बघितल्यासारखं. तिसऱ्याच वेळी तिने बरोबर कोन धरला. मी बघत राहिले, आणि मनातल्या मनात स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की झोपेचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी परत येताना स्कूटरवर मागून मी तिला विचारलं, सुरीला एकाच बाजूने धार आहे, उजव्या हाताची, तुला अवघड जात असेल. ती म्हणाली, सवय झाली. मी म्हटलं, सवय म्हणजे काय, बोटांना पट्ट्या लावायची? ती हसली बहुतेक, हेल्मेटमुळे दिसलं नाही.

उन्हाळा लागता-लागता गोळी पूर्ण सुटली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्सुंग-येनने भिंतीवर चौदा चौकोन आखले. रोज सकाळी एक खूण. वहीत साडेपाच तास, पावणेसहा तास. तेंग मॅडमने मला गादीचा एक तास परत दिला होता आणि स्वतः बाळंतपणाला निघून गेली होती. जाताना म्हणाली, आता माझी झोप जाणार मावशी, तुम्ही जपा.

तेराव्या दिवशी शनिवार होता. मशीनवर माझा रक्तदाब खाली आला, अंग घामाने भिजलं, सिस्टरने खुर्ची आडवी केली. जरा बरं वाटलं आणि माझा डोळा लागला. उघडला तेव्हा समोर थुई टॉवेलचा मासा हातात धरून बसलेली. मास्तर खरोखरच घोरत होते. घड्याळात दहा मिनिटं गेली होती. सिस्टर दुसरीकडे होती, कुणाला काही कळलं नव्हतं. थुईने माझ्याकडे बघितलं आणि नजर टॉवेलकडे वळवली. खाली स्कूटरपाशी ती हळूच म्हणाली, मी काही पाहिलं नाही, आई.

घरापर्यंत मी मनात चौकोन मोजत होते. एकच चौकोन राहिला होता. आजारपणातली डुलकी ती, त्यात माझा काय दोष? पण तीन आठवडे मला फसवलं होतं ते न लिहिलेल्या झोपेनेच. वही उघडली आणि लिहिलं, मशीनवर दहा मिनिटं. जेवणाआधी वही त्सुंग-येनच्या पुढ्यात ठेवली.

त्याने वाचलं, वहीवर हात फिरवला आणि खिशातून किल्ली काढली. म्हणाला, "आई, दहा मिनिटांचं काय घेऊन बसलीस. तुझा दाब पडला होता. घे, झालं तुझं."

"ठेव ती खिशात," मी म्हटलं. "पहिल्यापासून मोज."

त्याला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. मी त्या किल्लीकडे बघत नव्हते एवढंच, बघितलं असतं तर हात पुढे गेला असता. थुई उठली आणि तिनेच भिंतीवर नवे चौदा चौकोन आखले, डाव्या हाताने, थोडे तिरके.

ते चौदा दिवस मी कसे काढले ते वहीत आहे. पाचव्या रात्री तीन तासच झोप झाली, तेही आहे. पण दिवसा पापणी मिटू दिली नाही. मशीनवर मास्तर आता चांगलेच तयार झाले होते आणि थुईला चुका दाखवायला लागले होते. त्या दोन आठवड्यांत मी लोहाराकडेही जाऊन आले. तो पोलाद तापवत म्हणाला, मावशी, उलट्या बाजूला धार? पुन्हा एकदा सांगा. मी पुन्हा सांगितलं.

पंधराव्या दिवशी पहाटे गजर व्हायच्या आधी मला जाग आली. त्सुंग-येनने बापाच्या पाटीला उदबत्ती लावली, खण उघडला आणि सुरी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मूठ माझ्या बोटांच्या खुणांनी झिजलेली. डोळे भरून आले, ते मी उदबत्तीच्या धुरावर ढकललं.

दुकानात गेल्यावर मी पोराला सांगितलं, टेबल भिंतीपासून ओढ. एकतीस वर्षांत ते हललं नव्हतं. तो आणि थुई दोघांनी मिळून ओढलं, मागे खवल्यांचा काळा थर निघाला, तो थुईने खरवडला. मग मी लोहाराकडची सुरी तिच्यापुढे ठेवली. तिने ती डाव्या हातात घेतली, बोटाने धार पाहिली आणि जुनी सुरी बाजूला ठेवली. मी एका बाजूला, ती समोर. मासे आले.

सहा महिन्यांनी हातात सुरी आली होती. मी सावकाश चालले होते, डावा हात लांब ठेवून. पहिला मासा झाला, दुसरा झाला. पाचवा मी तिच्या बाजूच्या ताटात सरकवला, तिने सवयीप्रमाणे पाठीवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

"आई," ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "इथे एक राहिलाय."

पेज ढवळणाऱ्या त्सुंग-येनचा हात थांबला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आ-खिमच्या माशात काटा? मी हात पुढे करून चाचपलं. होता. दोन तोंडांचा, केसाएवढा, शेपटीच्या जरा वर. माझ्या बोटाखालून सुटला होता आणि तिच्या बोटाला लागला होता. मी मासा उचलला, बघितला, पुन्हा तिच्यापुढे ठेवला.

"काढ मग," मी म्हटलं, "बघत काय बसलीस."

तिने सुरी आडवी धरली आणि एका दमात तो काटा अख्खा बाहेर आला. मी पुढचा मासा घेतला. रविवारची गिऱ्हाइकं सातच्या आत येणार होती आणि टोपलीत अजून चाळीस मासे होते.